सोडायचाच होता तर…

अब्बांनी हा प्रश्न मला काठावरून ओरडून विचारला होता. मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो, हात गारठले होते आणि हातांतून नुकताच एक मासा निसटून गेला होता. निसटला कसला, मीच सोडला होता. जवळजवळ सव्वादोन फुटी, चांदीच्या पत्र्यासारखा लखलखीत, गालावर पुसट गुलाबी झाक असलेला.

"सोडायचाच होता तर धरलास कशाला रे?"

ही गोष्ट 2018 च्या जुलैमधली. जागा अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली नॉर्थ अम्पक्वा नदी. कॅस्केड डोंगररांगेत उगम पावते, पश्चिमेकडे वाहत येते आणि रोझबर्ग गावाजवळ साउथ अम्पक्वाला मिळते. रोझबर्गमध्ये मी 2012 पासून एका लाकडाच्या कारखान्यात संगणकाचं काम करतो. अब्बा रत्नागिरीचे, दालदी. सगळं आयुष्य खाडीत आणि दर्यावर गेलेलं. पाग फेकताना त्यांच्या हाताला जे वळण येतं ते मला कधीच जमलं नाही. मी शाळेत हुशार निघालो आणि मासेमारीतून सुटलो, असं घरातले सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. आणि मग आठ हजार मैलांवर येऊन हौसेने गरवायला लागलो. अम्मीला अजून हे खरं वाटत नाही.

इथल्या गरवण्याची तऱ्हा मात्र वेगळी. गरीला आमिष नसतं. पिसं, केस आणि रंगीत धागा बांधून केलेली खोटी माशी असते. ती इतकी हलकी की फेकली तर चार हातांवर पडेल. म्हणून वजन माशीत नसून दोरीत असतं. लांब काठीने जाड दोरी हवेत फिरवायची आणि ती उलगडत जाताना माशीला सोबत घेऊन जाते. माशी तिरपी पलीकडच्या काठाच्या रोखाने टाकायची, प्रवाहाने ती कमानीसारखी फिरत आपल्या काठाकडे आली की एक पाऊल खाली सरकायचं आणि पुन्हा फेकायची. दिवसभर एवढंच. नॉर्थ अम्पक्वाच्या 31 मैलांच्या पट्ट्यात 1952 पासून माशीशिवाय दुसरं काही वापरायला परवानगी नाही. तळ म्हणजे खडकाच्या निसरड्या लाद्या. बुटांना लोखंडी खिळे लावले तरी माणूस वर्षातून एकदा तरी आपटतो.

आणि ज्याच्यासाठी हे करायचं तो स्टीलहेड. हा मुळात इंद्रधनुषी ट्राउटच. दोघांची जात एक, काही वेळा आईबापही एकच. पण एक भाऊ जन्मभर नदीत राहून वीतभर होतो आणि दुसरा दोन-तीन वर्षांचा झाला की समुद्रात जातो. तिथे खाऊनपिऊन मोठा होतो आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परत येतो. सामन मासा अंडी घातली की मरतो. स्टीलहेड मरेलच असं नाही, काही पुन्हा समुद्राला जाऊन पुन्हा येतात. गंमत म्हणजे वर चढताना हा फारसं काही खात नाही. मग खोट्या माशीला तोंड का घालतो? रागाने, सवयीने, की लहानपणी नदीत किडे खाल्लेले आठवतात म्हणून? इथले जुने लोक यावर रात्रभर वाद घालू शकतात.

मला कामावरच्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने हे शिकवलं. पहिले तीन उन्हाळे मला एकही स्टीलहेड लागला नाही. लागले ते बोटभर ट्राउट. प्रत्येकाला सोडताना मनात यायचं, यातला समुद्रात जाणारा कोणता? कायद्याने इथला जंगली स्टीलहेड सोडावाच लागतो. सरकारी केंद्रात वाढवलेल्या माशांच्या शेपटीजवळचा छोटा पर लहानपणीच कापलेला असतो. तसा लागला तर घरी नेता येतो. त्या दिवशी माझ्या माशाचा पर शाबूत होता.

हे सगळं मी अब्बांना गाडीत समजावलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे चढणीचा मासा."

मला इतक्या वर्षांत हा शब्द सुचला नव्हता! मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्या-वहाळांतून, शेतांतून अंडी भरलेले मासे उलटे वर चढतात आणि सगळा गाव टॉर्च, टोपल्या, विळे घेऊन धावतो. मीही धावलोय. अंड्यांनी पोट फुगलेल्या माशांचं ते कालवण, त्याची चव अजून जिभेवर आहे. आता गावी वहाळ तोच आहे, पाऊसही येतो, पण टोपली भरत नाही.

"कापलेल्या पराचा मिळाला तर खाऊ," अब्बा म्हणाले, "पण खायचा नाही आणि नुसता दमवायचा, हे मला काही बरोबर वाटत नाही. जिवाचा खेळ करू नये."

मी नमाजी माणूस आहे, पण हा मुद्दा मी स्वतःपासून बरीच वर्षं लपवून ठेवला होता. सजीवाला निशाण्यासाठी उभं करू नका, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मासा हलाल आहे, त्याला जबह करावं लागत नाही, पण तो खायला हलाल आहे. दहा मिनिटं ओठाला गरी अडकवून खेळवायला? मी उत्तर दिलं की सोडण्याचा नियम आहे म्हणून मासे उरलेत, उलटा काटा नसलेली गरी वापरतो, मासा पाण्याबाहेर काढत नाही. अब्बा खिडकीबाहेर बघत राहिले. माझं मलाच ते उत्तर वकिली वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना स्टीमबोट क्रीकवर नेलं. ही नॉर्थ अम्पक्वाची उपनदी, 1932 पासून मासेमारीला पूर्ण बंद. तिच्यात बिग बेंड नावाचा एक डोह आहे. उन्हाळ्यात बाकीचा ओढा माशांना सोसणार नाही इतका तापतो, पण या डोहात गार पाणी येतं. म्हणून समुद्रातून आलेले स्टीलहेड पहिला पाऊस पडेपर्यंत इथे दाटीवाटीने थांबतात. एकेकाळी चोर इथे सुरुंगाचे बार लावायचे, गावात त्याचं नावच डायनामाइट होल पडलं होतं. म्हणून 1999 पासून मासे असतील त्या महिन्यांत तिथे कुणी ना कुणी राखणीला बसतं. दुर्बीण, वही आणि दिवसभर नुसतं बघणं.

अब्बा कठड्याशी उभे राहिले. खाली काचेसारख्या पाण्यात शेकडो राखाडी पाठी एका दिशेने तोंड करून स्थिर. मधूनच एखादा उसळी मारायचा. अब्बांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत. इतके मासे समोर असताना हात बांधून उभं राहायची त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. राखणदाराला त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट विचारली: पगार किती? तो स्वयंसेवक आहे म्हटल्यावर त्यांनी त्याच्याशी दोन्ही हातांनी मुसाफा केला.

परतताना म्हणाले, "आमच्याकडेही नदीत बार उडवायचे. आपली माणसंही होती त्यात." कोण, ते मी विचारलं नाही.

2020 च्या सप्टेंबरमध्ये या खोऱ्याला आग लागली. आर्ची क्रीकची आग. पूर्वेच्या वाऱ्याने ती अशी धावली की 1,30,000 एकरांवर जंगल जळालं, रॉक क्रीकचं ते सरकारी मासे-केंद्रही गेलं. ज्या झाडांच्या सावलीत मी उभा राहायचो त्यांचे काळे खांब उरले. सावली गेली की पाणी तापतं. हे इथल्या लोकांना 1960 च्या दशकातच कळलं होतं, तेव्हा लाकडासाठी ओढ्यांच्या काठापर्यंत झाडं तोडली जात होती. माझा पगारही लाकडातूनच येतो, हे इथे सांगून टाकतो. पुढच्या उन्हाळ्यात विंचेस्टरच्या धरणावर मोजलेले स्टीलहेड इतके कमी भरले की 2021 च्या ऑगस्टमध्ये सरकारने नदीवरची मासेमारी थांबवली.

त्या बंद हंगामात मी दर रविवारी तरी नदीवर जायचो. काठी न घेता. तेव्हा मला कळलं की मला नदी हवी असते, त्या पहिल्या झटक्यासाठी जीव तुटतो, पण मासा दमवण्याची ती दहा मिनिटं मला आठवतही नव्हती.

नदी पुन्हा उघडली तेव्हा मी पक्कड घेतली आणि डबीतल्या सगळ्या माश्यांच्या गऱ्यांची टोकं कापून टाकली. हा काही माझा शोध नाही, या नदीवर आधीही काहींनी असं केलंय. मासा माशी तोंडात घेतो, दोरी ताणते, दोन-तीन क्षणांत त्याला कळतं आणि तो तोंड उघडून निघून जातो. माझा म्हातारा सहकारी हसला. म्हणाला, तू तर आता मासे पकडतच नाहीस. त्याचंही खरं आहे. आणि मासा फसतो तो फसतोच, हेही मला माहीत आहे.

गेल्या सप्टेंबरात पहाटे स्टीमबोटच्या खालच्या अंगाला, काळी माशी, शेपटाशी हिरवा धागा, वर पांढरे केस. सातव्या-आठव्या पावलावर दोरी थांबली. मग खांद्यापर्यंत झटका आला, चक्रीतून दोरी किंचाळत सुटली आणि सैल पडली. पाण्यावर फक्त एक मोठा भोवरा.

गाडीशी येऊन रत्नागिरीला फोन लावला. तिथे मगरिब होऊन गेली होती.

"काय गावलं?" अब्बांनी विचारलं.

"एक आला होता."

"केवढा?"

"दिसला नाही, अब्बा."

"मग मोठाच असणार," ते म्हणाले आणि अम्मीला फोन दिला.