पावणेदोन तासांची मुंबई

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईचे पहिले प्रवासी विमान उडाले आणि आमच्या वसतिगृहात अंतराचे हिशेब सुरू झाले. रुळांची वाट साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक, अंबा एक्स्प्रेसला सारी रात्र लागते. आकाशातली सरळ रेघ जेमतेम साडेपाचशेची, आणि वेळ पावणेदोन तास!

मी अकोल्याचा. शस्त्रक्रियेनंतर बाबांना दर तीन महिन्यांनी मुंबईस तपासणीला न्यावे लागते, म्हणून हा हिशेब माझ्यापुरता तरी नुसत्या गप्पांचा नव्हता. आमच्या शिवणीलाही धावपट्टी आहे, इंग्रजांच्या वेळची, पण आखूड. म्हणजे पश्चिमेस जायला आधी नव्वदेक किलोमीटर पूर्वेला यायचे! शिवाय सुरुवातीला विमान आठवड्यातून तीनच दिवस. डॉक्टरांची तारीख काही ते वार पाहून पडत नाही.

तरी मी तिकिटाची गोष्ट काढलीच. बाबा म्हणाले, “गाडीत रातभर आंग तं टाकता येते ना बाप्पा!”

मी अमरावतीहून बसलो, ते अकोल्याला चढले. अर्ध्या तासात शेगाव आले. त्यांनी आडव्यानेच महाराजांना हात जोडले आणि चादर डोक्यावर ओढली.