पोती भरल्यानंतर

बागेतली सफाई ठरली की रविवारी सकाळी माणसं जमतात. खरी तयारी मात्र आदल्या आठवड्यातली. उद्यान विभागाची परवानगी, जाड हातमोजे, पोती, काचांसाठी वेगळी बादली आणि महापालिकेची कचरागाडी. गाडी पक्की नसेल, तर भरलेली पोती फाटकाशीच पडून राहतात; रात्रीतून कुत्री ती फाडतात.

झुडपांच्या बुंध्याशी सापडतात गुटख्याच्या पुड्या. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही! सिगारेटचं थोटूक कापसासारखं दिसतं, पण त्यातला फिल्टर बहुधा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो. वेफर्सच्या पाकिटांत प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. बाटल्या मात्र लगेच नेतो. त्यामुळे वेचतानाच कचरा वेगळा करावा. नंतर ते होत नाही.

आणि पुढचा रविवार? एकदा साफ करून भागत नाही.

मुंबईत वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन वर्सोवा किनाऱ्यावर कचरा उचलायला सुरुवात केली. ते आठवड्यामागून आठवडे येत राहिले, तसे स्वयंसेवकही वाढत गेले. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ म्हणून गौरवलं. मार्च २०१८मध्ये त्याच किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली.

बागेत कासवं येणार नाहीत. पण सफाईनंतर कोपऱ्याकोपऱ्यात काय सापडलं याची नोंद ठेवली, तर कचरापेटी नेमकी कुठे हवी आणि कोणत्या टपरीवाल्याशी बोलायला हवं, हे पुढच्या फेरीआधीच ठरवता येतं.