मासे येण्यापूर्वी

काचेची पेटी व मासे एकाच दिवशीं बाजारांतून आणण्याची चाल घरोघरीं आढळते. पाणी आरशासारखें निर्मळ दिसतें, मुलें आनंदानें खाद्य घालतात आणि आठ-पंधरा दिवसांत एकेक मासा पाण्यावर तरंगूं लागतो. मग घरांत कोणी म्हणतें, "तूंच पाण्यांत हात घातला असशील!" आणि बिचारें पोर तें खरें मानतें. आमच्या वर्गांतील एका मुलानें, "माझ्या हाताला मासे लाभत नाहींत," असें आम्हांस सांगितलें, तेव्हां आम्हांस फार वाईट वाटलें. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया नांवाचें विष पाण्यांत सोडीत असतो. विष्ठा व उरलेलें खाद्य कुजूनही तेंच उत्पन्न होतें. नदींत पाणी विपुल आणि त्या विषाचा निकाल लावणारे सूक्ष्म जंतुही विपुल. नव्या पेटींत मात्र पाणी बेताचें, आणि जंतु जवळजवळ नाहींतच. हे जंतु सामान्यतः दोन प्रकारचे असतात. पहिले अमोनियाचें नायट्राइट करतात. पण तेंही विषच, कारण त्यानें माशाचें रक्त तपकिरी पडून प्राणवायु वाहून नेण्यास असमर्थ होतें. दुसरे नायट्राइटचें नायट्रेट करतात. तें पुष्कळ सौम्य असून, वेळोवेळीं थोडें पाणी बदलल्यानें आटोक्यांत राहतें. असे जंतु वेगळे वाढवून दाखविण्याचें श्रेय १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांस लाभलें. दोन्ही कामें एकटाच करणारा जंतुही असतो, हें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें.

त्या मुलाला बरोबर घेऊन आम्हीं शास्त्रवर्गांत एक पेटी मांडिली. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मासे व जंतु या दोहोंसही मारक, म्हणून तें औषधानें आधीं घालविलें. तळाशीं वाळू घातली, स्पंजाची गाळणी व हवेचा पंप लाविला, आणि रोज चिमूटभर खाद्य टाकूं लागलों. मासे नसतां खाद्य! वर्ग पोट धरून हंसला. पण खाद्य कुजून अमोनिया झाल्यावांचून जंतूंनीं तरी काय खावें? चांचणीचे थेंब घालून पाहतां अमोनिया प्रथम चढला. मग तो उतरूं लागला तों नायट्राइट चढलें. आणि पांचव्या आठवड्याच्या शेवटीं दोन्ही शून्यावर आलीं. सारा तक्ता त्याच मुलानें स्वहस्तें लिहिला. मग निम्मेंअधिक पाणी बदलून चार गप्पी मासे सोडिले. चारही मासे आज खुशाल आहेत.

आतां दोन सूचना. एखाद्या जुन्या, निरोगी पेटींतील मूठभर वाळू मिळाल्यास ही मुदत पुष्कळ कमी होते. आणि गाळणीचा स्पंज नळाखालीं कधींही धुऊं नये; पेटींतून काढलेल्या पाण्यांतच तो पिळावा, नाहींतर आठवड्यांची कमाई क्षणांत वाहून जाते.

पालकांसही एक नम्र विनंती आहे. मासे मेले तर मुलाला बोल लावण्यापूर्वीं पाणी तपासावें. आणि नवी पेटी आणल्यास मुलाला महिनाभर थांबावयास सांगावें. मात्र नुसतें थांबवूं नये, रोजचा तक्ता त्याच्या हातीं द्यावा.