साडी आत, गाडी बाहेर

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की सात-आठ किलोमीटरवर तिरुभुवनम् येतं. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं कंपहरेश्वराचं मंदिर इथे आहे आणि तिथल्या शरभेश्वराच्या दर्शनाला लांबलांबून लोक येतात. पण लग्नसराईत रस्त्याकडेला मोटारींची जी रांग लागते, ती देवासाठी कमी आणि रेशमासाठी जास्त. इथले विणकर बरेचसे सौराष्ट्र समाजाचे. त्यांची बोली कानावर पडली की मराठी माणूस एखाद्या शब्दाशी हमखास थबकतो, इतकी ती ओळखीची वाटते.

लग्नाची साडी निवडणं ही घाईने उरकण्याची गोष्ट नव्हे. ‘विशिरी मडिप्पु’ म्हणजे पंख्यासारखी घातलेली घडी ही इथल्या साडीची खूण. दुकानदार ती घडी एका झटक्यात उलगडतो, आत बायका हरखून जातात, पुरुष घड्याळाकडे पाहतात आणि बाहेर ड्रायव्हर फडकं काढतो.

आधी काचा, मग बॉनेट, दारं, चाकांच्या वाट्या. बहुतेकांचं फडकं इथेच थांबतं. मागच्या बंपरखालून डोकावणारं सायलेन्सरचं टोक काळंकुट्टच राहतं. तिथे कोण बघायला जातंय? पण गाडीची डिकी त्याच्याच वर असते. सामान ठेवायला वाकलेल्या बाईच्या निऱ्या किंवा एखाद्या पाहुण्याच्या पांढऱ्या वेष्टीचा जरीकाठ नेमका त्या उंचीला येतो. विणकराने कित्येक दिवस मागावर बसून उतरवलेल्या वस्त्राला काजळीचा एक ओरखडा पुरतो. आणि नळी तापलेली असली, तर डागावर न भागता रेशीम करपतंच.

१९९०च्या दशकातल्या एका लग्नसराईत मद्रासहून असंच एक कुटुंब इथे आलं होतं. व्यंकोजीराजांच्या काळापासून कावेरीकाठी रुजलेल्या मराठी घरांपैकी हे एक. घरात जुन्या वळणाची मराठी, बाहेर अस्खलित तमिळ. गाडी पेट्रोलवरची अॅम्बॅसडर, सायलेन्सरच्या टोकाला हौसेने बसवलेलं क्रोमचं चकचकीत तोंड. चकचकीत म्हणजे, कधीकाळी होतं.

आजी तासाभरात साड्यांना कंटाळल्या आणि दुकानाच्या ओसरीत खुर्ची टाकून बसल्या. समोर ड्रायव्हर गाडीमागे उकिडवा बसला होता. त्याने नळीजवळ उपडा हात नेऊन ऊब पाहिली, मान हलवली आणि पुन्हा काचा पुसायला गेला. लांबच्या प्रवासाहून आलेल्या नळीला लगेच हात लावू नये, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

नळी निवल्यावर तो परत आला. आजींना राहवेना.

“तंबी, चिंच लाव की! आमची समई चिंचेनेच लखलखते.”

आजींचा अनुभव काही कच्चा नव्हता. त्यांची समई नाचियारकोविलची, म्हणजे कुंभकोणमजवळच्याच, दिव्यांसाठी नावाजलेल्या गावची. पितळेवर काळा-हिरवट थर चढतो, तो चिंचेतलं आम्ल विरघळवून टाकतं. पण ड्रायव्हर म्हणाला, “नको अम्मा. ती समई आतून-बाहेरून पितळेची. हे लोखंड आहे, वर नुसतं क्रोमचं पाणी चढवलंय.” त्याचं बरोबर होतं. क्रोमच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. आंबट पाणी त्यांतून आत शिरलं की खालचं लोखंड खातं आणि मग वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

त्याने नळीत बोट फिरवलं आणि ते आजींपुढे धरलं. बोटावर कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी होती.

“अय्यांना दोनदा सांगितलं, गाडी पेट्रोल जास्त पितेय, हवा कमी घेतेय. एअर फिल्टर कोंदलाय. ते म्हणतात, लग्न होऊन जाऊ दे.”

आजींना फिल्टर ठाऊक नव्हता. पण वात नको तेवढी वर काढली की ज्योत धुरकटते आणि समईवर काजळी धरते, हे त्यांनी पन्नास वर्षं पाहिलेलं होतं. मुलगा बाहेर आल्यावर त्यांनी त्याला ते बोट दाखवायला लावलं. “वऱ्हाड याच गाडीतून न्यायचंय ना? मग लग्न होईपर्यंत कशाला थांबायचं?” त्याच संध्याकाळी कुंभकोणमच्या एका गॅरेजात नवा फिल्टर बसला. ड्रायव्हरने दोनदा सांगितलेलं ऐकू आलं नव्हतं, आईने एकदा सांगितलेलं लगेच ऐकू आलं. अशी घरं तंजावरातच असतात असं नाही.

नळीचं टोक पुसण्याआधी वाचावं, ते एवढ्यासाठी. कोरडी काळी काजळी म्हणजे बहुधा पेट्रोल जास्त, हवा कमी. तेलकट, चिकट काळा थर म्हणजे इंजिनात ऑइल जळत असावं. थंड सकाळी टोकातून पाणी ठिबकलं तर मात्र घाबरू नये. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. रोज बाजारापर्यंतच फिरणाऱ्या गाडीत मात्र ते आतच साचतं आणि सायलेन्सर आतून गंजत येतो. बाहेरून कितीही चकाकला, तरी! अलीकडच्या काही पेट्रोल गाड्यांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यांच्या टोकाला इंजिन निरोगी असूनही थोडी काजळी दिसते, तेव्हा नव्या गाडीला जुन्या गाडीचं निदान लावू नये.

आता स्वच्छतेचं. त्या ड्रायव्हरने आधी केरोसीनचा बोळा फिरवून काजळी सैल केली, जुन्या टूथब्रशने कडा घासल्या, मग साबणाच्या पाण्याने धुऊन टोक कोरडं केलं. गंजाचे बारीक ठिपके उरले होते. त्यांवर त्याने सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद ओला करून हलक्या हाताने घासला. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि क्रोमला ओरखडे पडत नाहीत. आज स्वयंपाकघरातली फॉइल हेच काम करते. भांड्यांची तारेची घासणी मात्र इथे आणूच नये. शेवटी मेटल पॉलिश लावून मऊ फडक्याने चमक आणावी. स्टेनलेस स्टीलच्या टोकालाही हीच रीत चालते. फक्त उष्णतेने त्यावर पिवळट-निळसर झाक येते, ती पॉलिशने पुरती जाईलच असं नाही, आणि ती गेलीच पाहिजे असंही नाही.

त्या ड्रायव्हरचं एक मात्र चुकत होतं. तो उघड्या हाताने काम करी आणि त्याच हाताने चहाबरोबर वडा खाई. त्या काळी बहुतेक पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असे आणि ते काजळीतही उतरे. देशभरातून तसं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, तरी काजळी अजूनही पोटात जाण्याजोगी वस्तू नव्हे. हातमोजे घालावेत, नसले तर साबणाने हात धुवावेत. आणि टोक लवकर वाळावं म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास.

एवढं करूनही साडीला काजळी लागलीच, तर पहिली ऊर्मी पदर ओला करून पुसण्याची असते. ती आवरावी. घासलं की काजळी धाग्यात शिरते. साडी अलगद झटकावी, डागावर बोट न लावता फुंकर घालावी आणि सरळ ड्रायक्लीनरकडे द्यावी. डाग कशाचा आहे, तेही त्याला सांगावं.

आणखी एक. धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडात काहीजण फडकं कोंबतात. ते काढायचं राहिलं तर गाडी सुरूच होत नाही, आणि भोवती जमलेली मंडळी बॅटरीपासून प्लगपर्यंत सगळं तपासत बसतात.