कवडीचे मोल

तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. समुद्रापासून शेकडो मैल दूर, बालाघाटाच्या कोरड्या डोंगरात, ही समुद्राची वस्तू देवीचे लेणे होऊन बसली आहे. मराठी भाषेने मात्र कवडीला दोन टोकांवर ठेवले. देवीच्या दारात ती भूषण, आणि बाजारात क्षुद्रतेचे माप. ज्याला किंमत नाही ते कवडीमोल. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याजवळ फुटकी कवडीही नसते. हीच कवडी एके काळी खरेखुरे नाणे होती, हे या वाक्प्रचारांमागे दडून गेले आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) चलनाच्या परिमाणांचा आरंभ वराटकापासून, म्हणजे कवडीपासूनच होतो. वीस कवड्यांची एक काकिणी आणि चार काकिणींचा एक पण.

या नाण्याची सर्वांत मोठी टांकसाळ कोण्या राजाच्या किल्ल्यात नव्हती. ती हिंदी महासागरात, मालदीवच्या उथळ खाजणांत होती. सुमारे बाराशे बेटे, त्यांतली वस्तीची जेमतेम दोनशे. सारी जमीन एकत्र केली तरी तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि तीही सरासरी दीड मीटर उंचीची. या देशाचा हक्काचा समुद्र मात्र सुमारे नऊ लाख चौरस किलोमीटरांचा आहे. प्रवाळांच्या कंकणाकृती बेटांसाठी जगाने स्वीकारलेला ‘ॲटॉल’ हा शब्दही येथल्या दिवेही भाषेतलाच. ज्यांच्यापाशी शेतीपुरती भूमी नाही, त्यांनी समुद्रच पिकवायचा, हे येथे ओघानेच आले.

१६०२ साली जहाज फुटून या बेटांवर अडकलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल येथे पाच वर्षे राहिला. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे कंबरभर पाण्यात उभ्या राहून कवड्या वेचणाऱ्या बायकांचे वर्णन त्याने केले आहे. वेचलेल्या कवड्या खड्ड्यात पुरायच्या, आतला जीव कुजून जाऊ द्यायचा, आणि उरलेले पांढरे कवच जहाजात भरायचे. त्या बदल्यात बंगालमधून तांदूळ येई. भातच न पिकणाऱ्या बेटावरची चूल अशी कवडीवर पेटत असे.

त्याच्याही आधी, १३४३ मध्ये, इब्न बतूता येथे आला आणि काही काळ काझी झाला. त्याने नोंदवलेला भाव विचार करायला लावणारा आहे. मालदीवमध्ये एका सुवर्ण दीनाराला चार लाख कवड्या, स्वस्ताई असली तर बारा लाखही. पुढे पश्चिम आफ्रिकेतील माली आणि गाओ येथे त्याच दीनाराला अकराशे पन्नास कवड्या जाताना त्याने पाहिल्या. अंतर सुमारे साडेतीनशे पटींचे. हे मोल ना शिंपल्याने वाढवले, ना वेचणारीने. ते वाटेने वाढवले, आणि वाट परक्यांच्या हाती होती. पुढे डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी हीच कवडी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेण्यासाठी वापरली. पाण्यात उभ्या असलेल्या त्या बाईला आपल्या ओंजळीत कोणाची बेडी आहे, हे कळण्याचा मार्गच नव्हता. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या कवड्यांचा पूर आला आणि हे चलन ढासळले. कवडी खऱ्या अर्थाने कवडीमोल झाली.

मग उरली मासळी. उकडून, धुरावून, उन्हात वाळवलेला कुपा शतकानुशतके श्रीलंकेला जात असे. पकडणे पुरुषांचे, टिकवणे बायकांचे. १९७०च्या दशकाच्या आरंभी श्रीलंकेची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि ती बाजारपेठ बसली. कुपा आता बर्फात गोठून परदेशी कंपन्यांकडे जाऊ लागला. नावांना इंजिने बसली, पकड वाढली. पण मासा किनाऱ्यावर न येताच समुद्रातून विकला जाऊ लागला, तेव्हा कित्येक बेटांवरच्या बायकांच्या हातचे काम गेले. कवडीबरोबर एकदा आणि मासळीबरोबर दुसऱ्यांदा.

१९७२ मध्ये पहिले पर्यटक-निवास उघडले. आता समुद्रातले काहीच काढून विकायचे नव्हते. त्याचा निळा रंगच विक्रीस होता. याने देश सधन झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु १९९८ मध्ये पाणी तापले आणि उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले. २००४ च्या त्सुनामीत शंभरावर माणसे गेली आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक इतकी हानी झाली. २०२० मध्ये साथीमुळे सीमा मिटल्या आणि साडेतीन महिने पाहुणाच आला नाही. तांदूळ मात्र तेव्हाही बाहेरूनच यायचा होता. बंगालची जहाजे गेली. चुलीचे परावलंबन तेच राहिले.

या साऱ्या इतिहासात समुद्र त्यांचा आणि भाव परक्यांचा. तरी एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाती ठेवली आहे. जिवंत आमिष पाण्यात फेकायचे, पाण्याचे फवारे उडवायचे आणि गळाच्या काठीने एकेक कुपा वर झेपवायचा, ही तेथली जुनी रीत. अवाढव्य जाळी टाकून थवेच्या थवे ओढण्याचा मोह या देशाने आपल्या समुद्रापुरता नाकारला; २०१० मध्ये शार्कची शिकारही बंद केली. एक गळ, एक मासा. व्यापाराच्या हिशेबात ही मंदगती ठरेल. पण समुद्राची पातळी वाढत असताना, दीड मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाने मोजूनच घ्यावे, यात एक शहाणपण आहे.

तुळजापूरच्या पायऱ्यांवर आराधी माळ सावरतो. त्या माळेतील कवडी विकायची नसते, म्हणूनच तिला कोणी भाव विचारत नाही.