बाकावरची माणसे

बास्केटबॉल या खेळाशी माझा परिचय वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी झाला, आणि तोही लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने. २०२२ च्या फेब्रुवारीत सुंठ, अळीव आणि बाळासाठी जुन्या लुगड्याची दुपटी घेऊन मी अमेरिकेतील जर्सी सिटीला जाऊन पोहोचले. हडसन नदीच्या पलीकडे न्यूयॉर्कचे उंच मनोरे आणि अलीकडे हे दाटीवाटीचे, कष्टकऱ्यांचे शहर. तेथील न्यूअर्क अव्हेन्यूवर आपल्या लोकांची इतकी दुकाने आहेत की मेथीची जुडी घेताना आपण परदेशात आहोत याचा विसर पडावा. त्याच शहरात, केनेडी बुलेव्हार्ड या लांबलचक रस्त्यावर, सेंट पीटर्स विद्यापीठ आहे. येशूसंघीयांनी १८७२ साली स्थापन केलेले हे महाविद्यालय. विद्यापीठ हे नाव त्याला २०१२ मध्ये मिळाले.

बाळाला बाबागाडीत घालून त्या बाजूने जाताना मला ठिकठिकाणी मोराची चित्रे दिसत. येशूसंघीयांच्या विद्यालयात सरस्वतीचे वाहन कोठून आले, असा गमतीचा प्रश्न मला पडे. जावयांनी मग खुलासा केला. सतराव्या शतकात हा भूभाग मिखिएल पाऊ नावाच्या एका डच व्यापाऱ्याच्या ताब्यात होता. त्याच्या आडनावाचा अर्थ मोर, म्हणून त्या वसाहतीला लॅटिनमध्ये ‘पावोनिया’ म्हणत. शिवाय आद्य ख्रिस्ती लोकांनी मोराला अमरत्वाचे प्रतीक मानले होतेच. महाविद्यालयाच्या खेळाडूंना त्यामुळे ‘पीकॉक्स’ हे नाव मिळाले. वाघ, अस्वले आणि गरुड यांच्या गर्दीत हा मोर जरा बिचाराच वाटे.

त्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात या मोराने साऱ्या अमेरिकेला चकित केले. तिकडे दर मार्च महिन्यात महाविद्यालयीन संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. ६८ संघ असतात. त्यांना चार गटांत विभागून प्रत्येक गटात १ ते १६ असे मानांकन देतात. सेंट पीटर्सला १५ वे मानांकन होते आणि १७ मार्चच्या रात्री त्यांची गाठ केंटकी विद्यापीठाशी होती. केंटकीने ही स्पर्धा आठ वेळा जिंकलेली. त्यांच्या प्रमुख प्रशिक्षकांना वर्षाला ८० लाख डॉलरांहून अधिक वेतन. सेंट पीटर्सच्या प्रशिक्षकांचे वेतन तीन लाख डॉलरांच्याही आत असल्याचे वृत्तपत्रांनी छापले होते. जावई म्हणाले, “आई, दहा मिनिटे बघू आणि जेवायला बसू.” जेवण गार झाले. जादा वेळेपर्यंत ताणलेला तो सामना सेंट पीटर्सने ८५–७९ असा जिंकला. दोन दिवसांनी मरे स्टेटवर ७०–६० असा विजय. २५ मार्चला, देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाच्या सणाच्या संध्याकाळी, त्यांनी पर्ड्यू विद्यापीठाला ६७–६४ असे हरवले. १५ व्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोहोचण्याची ही त्या स्पर्धेच्या इतिहासातील पहिलीच वेळ.

मला खेळाचे नियम नीट कळत नव्हते. चेंडू हातात घेऊन पावले टाकली की शिट्टी का वाजते, हे जावयांनी तीनदा समजावले. त्यामुळे असेल, माझी नजर चेंडूवर ठरत नसे. ती जाई मैदानाच्या कडेला, बाकाकडे. तेथे प्रमुख प्रशिक्षक शाहीन हॉलोवे उभे असत, बहुधा हाताची घडी घालून. आणि त्यांच्या पाठीमागे तीन-चार माणसे बसलेली असत, ज्यांची नावे समालोचक घेत नव्हता. कोणाच्या मांडीवर कागद, कोणी पुढे वाकून एखाद्या मुलाच्या कानाशी काही सांगतो आहे, कोणी बाहेर आलेल्या मुलाच्या हाती पाण्याची बाटली देतो आहे. त्या कागदांकडे पाहून माझ्या पोटात कालवले.

माझे पती वसईतील एका लहान शाळेत चौतीस वर्षे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. शाळेच्या व्हॉलीबॉल संघाचे प्रशिक्षक तेच, व्यवस्थापक तेच आणि मुलांच्या गुडघ्यांना आयोडीन लावणारेही तेच. त्यांच्याजवळ शंभर पानी वह्या असत. दुसऱ्या शाळेचा सामना असला की हे सायकलवरून तो बघायला जात आणि रात्री जेवणानंतर वहीत लिहून काढीत. एकदा मी डोकावून वाचले होते : “डावखुरा. उडी घेण्याआधी उजवा खांदा पाडतो.” एवढेच. पुढच्या आठवड्यात त्या खांद्याकडे लक्ष ठेवून आमच्या मुलांनी सामना जिंकला. बक्षीस समारंभात सत्कार झाला तो व्यवस्थापनाचा. भिंतीवर लावलेल्या छायाचित्रात हे शेवटच्या रांगेत, निम्मे एका मुलाच्या डोक्याआड. त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मी मात्र ते अजून विसरलेले नाही.

जावयांना मी विचारले, “ती बसलेली माणसे काय करतात?” त्यांनी जे सांगितले, आणि नंतर मी स्वतः वाचून जे जाणून घेतले, ते ऐकण्यासारखे आहे. त्या काळी नियमाने एका संघाला प्रमुखाखेरीज तीनच सहायक प्रशिक्षक ठेवता येत. २०२३ पासून ही संख्या पाच झाली. श्रीमंत विद्यापीठांत त्यांच्या दिमतीला चित्रफिती पाहणारे, आहार ठरवणारे, प्रवास आखणारे असे वेगळे ताफे असतात. लहान महाविद्यालयात मात्र पाच माणसांची कामे दोघांच्या अंगावर पडतात. पुढच्या प्रतिस्पर्ध्यांची विभागणी सहायकांत करून देतात. ज्याच्या वाट्याला जो संघ, त्याने त्याचे मागील सामने पुन्हा पुन्हा पाहायचे, कोणता मुलगा कोणत्या बाजूने वळतो, दमल्यावर काय करतो, हे टिपायचे आणि सरावात आपल्याच राखीव मुलांकडून तो संघ हुबेहूब वठवून घ्यायचा. राष्ट्रीय स्पर्धेत दोन सामन्यांमध्ये एकच दिवस मिळतो. म्हणून पुढचा विरोधक कोण हे ठरण्याआधीच दोन्ही शक्यतांचा अभ्यास तयार ठेवावा लागतो, आणि त्यातला एक अभ्यास वाया जाणारच असतो. पर्ड्यूच्या संघात सात फूट चार इंच उंचीचा एक मुलगा होता. मोराच्या संघात त्याच्याइतका उंच कोणी नव्हता. तरी त्याच्याकडे चेंडू गेला की दोन-तीन लहानखुरी मुले चहूकडून धावून येत आणि तो गोंधळून जाई. हे त्या मुलांना आयत्या वेळी सुचलेले नसते. कोणीतरी रात्र जागून ते कागदावर मांडलेले असते.

वसईकरांना सहायकाचे मोल सांगायला नको. आपले संत गोन्सालो गार्सिया जपानात प्रथम गेले ते येशूसंघीयांचे मदतनीस म्हणूनच.

हॉलोवे स्वतःही अशाच बाकावरून उठून आलेले. १९९६ मध्ये देशातील निवडक शालेय खेळाडूंच्या सामन्यात ते सर्वोत्तम ठरले होते, आणि त्या सामन्यात कोबी ब्रायंटही खेळला होता. पुढे ब्रायंट जगप्रसिद्ध झाला. हॉलोवे यांना व्यावसायिक संघाने निवडले नाही. ते परदेशी संघांतून खेळले आणि मग अकरा वर्षे सहायक प्रशिक्षक होते, आधी आयोना महाविद्यालयात आणि नंतर आठ वर्षे सीटन हॉल या आपल्या मातृसंस्थेत. २०१८ मध्ये सेंट पीटर्सने त्यांना प्रमुख केले. पहिल्या वर्षी १० विजय आणि २२ पराभव. त्या वर्षी त्यांच्याकडे कॅमेरे वळले नव्हते.

२७ मार्चच्या रविवारी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने त्यांना ६९–४९ असे हरवले. सकाळीच मिस्सात उधळ्या पुत्राचा दाखला ऐकला होता. आणि तीन दिवसांनी, ३० मार्चला, बातमी आली की हॉलोवे सेंट पीटर्स सोडून सीटन हॉलला प्रमुख प्रशिक्षक म्हणून जात आहेत.

आमच्या घरात त्या रात्री छोटासा वाद झाला. लेक म्हणाली, “मुलांना वाऱ्यावर सोडून गेले.” जावई म्हणाले, “त्यांनी जावे हेच योग्य. संधी काय रोज येते?” मी जावयांच्या बाजूची होते, आणि त्याचे लेकीला नवल वाटले. पण मला वाटते, बदलीची सवय आपल्या लोकांना आहे. धर्मग्रामात एखादे सहायक धर्मगुरू येतात, तरुणांना एकत्र करतात, नाटक बसवतात, आणि तीन वर्षांनी त्यांची बदली होते. निरोप समारंभात बायका डोळे पुसतात आणि पुढच्या रविवारी नव्या फादरांच्या प्रवचनाला वेळेवर हजर असतात. जाणाऱ्यावर रागावून काय करायचे?

त्या वेळी तर ही जाण्याची एक साखळीच झाली होती. सीटन हॉलचे प्रशिक्षक केव्हिन विलार्ड मेरीलँडला गेले म्हणून ती जागा रिकामी झाली होती. हॉलोवे तेथे गेले, त्यांच्या जागी वॅग्नर महाविद्यालयाचे बशीर मेसन आले, आणि वॅग्नरने आपली रिकामी खुर्ची डोनाल्ड कोपलँड यांना दिली. हे कोपलँड तोवर सीटन हॉलचे सहायक प्रशिक्षक होते. साखळीच्या अखेरीस एका बाकावरच्या माणसाला उभे राहायला जागा मिळाली, याचे मला कोण समाधान वाटले!

मला जे रुचले नाही ते वेगळेच. प्रमुख गेला की त्याच्या सहायकांची नोकरी धोक्यात येते. नवा प्रमुख आपली माणसे घेऊन येतो. जुन्यांपैकी ज्याला कोणी बरोबर नेले नाही त्याने संसार गुंडाळून दुसरे गाव शोधायचे. जिंकूनही असे व्हावे, हा न्याय मला समजत नाही. ज्याने पर्ड्यूचा कागद लिहिला त्याचे नाव कोणत्याच मथळ्यात नव्हते.

मुलेही गेली. २०२१ मध्ये खेळाडूला एकदा महाविद्यालय बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली होती. त्या विजयी संघातील बहुतेक खेळाडू उन्हाळ्याच्या आतच इतरत्र दाखल झाले. मालीहून आलेले जुळे भाऊ एकत्रच गेले. ऐकून मला आमच्या घरचा एक प्रसंग आठवला. यांच्या हाताखाली तयार झालेला एक उंचापुरा मुलगा मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयाने नेला. दोन दिवस हे घरात कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर स्टेशनावर जाऊन त्याचा पास काढून दिला आणि येताना बोंबील घेऊन आले.

मग राहणाऱ्यांचे तरी काय होते? सेंट पीटर्समध्येच डॉन केनेडी नावाचे प्रशिक्षक १९५० पासून १९७२ पर्यंत, बावीस वर्षे, एकाच बाकावर होते. १९६८ मध्ये त्यांच्या धावत्या संघाने ड्यूकसारख्या मातब्बर विद्यापीठाला १००–७१ असे नमवले, आणि आजच्या क्रीडागृहाला त्या संघाच्या घोषणेचेच नाव आहे. पण त्याच जर्सी सिटीत सेंट अँथनी नावाची एक छोटी कॅथलिक शाळा होती. बॉब हर्ली या प्रशिक्षकांनी तेथे पंचेचाळीस वर्षे काढली. शाळेला स्वतःचे क्रीडागृहसुद्धा नव्हते, तरी २८ वेळा राज्य अजिंक्यपद मिळवले. महाविद्यालयांची बोलावणी आली तरी ते गेले नाहीत. २०१७ मध्ये पैशांअभावी शाळाच बंद झाली. आमच्या यांच्या निवृत्तीनंतर व्हॉलीबॉलचे खांब वर्षभरात उपटले गेले. तेथे आता शिक्षकांच्या स्कूटर उभ्या असतात. हे त्यांनी दोनदा पाहिले आणि नंतर त्या रस्त्याने जाणे सोडले. वह्या मात्र माझ्या कपाटात होत्या. अमेरिकेहून परतल्यावर त्यांचा एक विद्यार्थी घरी आला. तो संध्याकाळी चर्चच्या मैदानावर मुलांना खेळवतो. वह्या चाळता चाळता एका पानावर तो थांबला आणि हसू लागला. पानावर लिहिले होते : “हा हुशार आहे, पण सर्व्हिस करताना आईकडे बघतो.” ते त्याच्याचबद्दल होते. वह्या तो घेऊन गेला.

२०२४ च्या मार्चमध्ये जावयांचा फोन आला. बशीर मेसन यांच्या हाताखाली नव्या मुलांचा सेंट पीटर्स पुन्हा आपल्या गटाचा विजेता झाला होता आणि राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा १५ व्या मानांकनावर होता. या वेळी चमत्कार झाला नाही. टेनेसीने त्यांना ८३–४९ असे हरवले. हॉलोवे यांच्या सीटन हॉलने मात्र त्याच वर्षी दुय्यम दर्जाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, हेही त्यांनी नंतर कळवले. मी विचारले, “मेसनच्या शेजारी कागद घेऊन कोण बसला होता?”

“आई, तो आवाज बंद करून मी बाळाला भरवत होतो,” जावई म्हणाले. “पण एक जण होता. सामना हातातून गेल्यावरही लिहीतच होता.”