शिळा सण

2019 सालची गोष्ट. शुक्रवारची दुपार, दोन वाजत आले होते. बेर-शेवाच्या शूकमध्ये शाबाथपूर्वीची शेवटची गडबड चालली होती. पिशवी धरायला माझा बारा वर्षांचा नातू बरोबर होता. इथली गिऱ्हाइके कोलराबी, म्हणजे आपला नवलकोल, विकत घेतात आणि त्याचा पाला पिरगाळून तिथेच टाकतात. मुळ्याचा पाला, बीटाची पाने, सारे गाड्याखालच्या खोक्यात जाते. मी वाकून त्यातली कोवळी पाने निवडू लागले, तेव्हा भाजीवाला हसून म्हणाला, "बाई, घरी ससे पाळलेत काय?"

मी म्हटले, "हो, सहा आहेत. दोन-दोन पायांचे!"

तो खो-खो हसला आणि कोथिंबिरीची एक जुडी माझ्या पिशवीत फुकट टाकली. नातू मात्र हसला नाही. कानापर्यंत लाल झाला होता. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. जिना चढताना त्याने हळूच विचारले, "आजी, आपण गरीब आहोत का?"

त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. "गप रे, काहीतरीच काय!" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही.

माझे बालपण अलिबागजवळच्या एका खेड्यात गेले. आजीच्या स्वयंपाकघरात 'टाकणे' हा शब्दच नव्हता. नारळ फोडला की पाणी आम्हा मुलांना, खोबऱ्याचे दूध कालवणाला, चोथा चटणीला, करवंटी चुलीला आणि सोडण भांडी घासायला. मासा आणला की मधले तुकडे पुरुषांना नि पाहुण्यांना, डोके नि शेपूट आमटीत, आणि खवले झाडाच्या मुळाशी. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन समोर येई. आम्ही तोंड वाकडे केले तर आजी म्हणे, "शिळ्याला नाव ठेवू नये. आपल्यात शिळ्याचासुद्धा सण असतो."

आणि खरेच तो होता. तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण योम किप्पूरला आपले जुने लोक 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारे लावून घेऊन तो दिवस उपासात नि प्रार्थनेत काढत. त्याच्या दुसऱ्या दिवसाला 'शिळा सण' असे नाव होते. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा आणि आप्तेष्टांच्या घरी भेटीला जायचे. आदल्या दिवशी बंद असलेले दार दुसऱ्या दिवशी आधी गरिबासाठी उघडायचे! आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण या नावाचा अर्थ ती आपल्या परीने लावी : "उरलं ते आपलं नसतं बाय. ते देवानं दुसऱ्यासाठी राखलेलं असतं."

आम्ही 1972 साली इस्राएलला आलो. आमच्या आधी, पन्नाशीच्या सुरुवातीला आलेल्यांनी त्सेनाचे दिवस पाहिले होते. 1949 ते 1959 अशी दहा वर्षे इथे रेशनिंग होते. तांदूळ मिळणे मुश्कील, म्हणून गव्हाच्या पिठाचे तांदळासारखे दाणे बनवले गेले. तेच आजचे पतितीम. लोक त्याला थट्टेने 'बेन-गुरियनचा तांदूळ' म्हणत. माझ्या थोरल्या नणंदेने त्यावर माशाचे कालवण ओतून कित्येक वर्षे काढली. ती म्हणायची, "डोळे मिटून खाल्लं की भातच लागतो!" आज तेच पतितीम लहान मुलांच्या आवडीचे झाले आहेत.

पुढे चांगले दिवस आले, तशी महागाईही आली. 2011 च्या उन्हाळ्यात कॉटेज चीजच्या भावावरून देशभर गदारोळ झाला आणि तेल-अवीवच्या रॉथशिल्ड बुलेव्हारवर तरुणांनी घरभाड्यासाठी तंबू ठोकले, हे आपल्याला आठवत असेलच. माझी सूनबाई तेव्हा दर महिन्याला हिशेबाची वही घेऊन बसे आणि डोक्याला हात लावी. मी तिला म्हटले, "एक महिना स्वयंपाकघर माझ्या हाती दे."

मी काही जादू केली नाही. आठवड्यातले चार दिवस कडधान्य ठेवले. मसूर, चवळी आणि मूग इथे सगळीकडे मिळतात. मुगाला इथे 'मश' म्हणतात. वाल भारतीय दुकानातून आणावे लागतात. वाटीभर कोरडे कडधान्य भिजवून मोड आणले की अडीच-तीन वाट्या होते. नेगेव्हच्या उकाड्याने आपल्याला हैराण केले तरी मोडांना तो मानवतो. फडक्यात बांधून ठेवले की दिवसभरात हातभर नाही, पण बोटभर मोड येतात! मांस फक्त शाबाथला. नारळाच्या दुधाने मांसाच्या रश्शाला चव येते आणि कश्रूतही सांभाळले जाते. पाव घ्यायचा तो सरकारने भाव बांधून दिलेला. शाबाथची हल्ला उरली की रविवारी सकाळी तिचा चुरा करून कांदा, मोहरी, हळदीची फोडणी. आणि पालेभाजी म्हणाल तर ती खोक्यातली! एकच सांगते, असा पाला मिठाच्या पाण्यात भिजवून, दोन-तीनदा धुऊन, उजेडात पान न पान पाहून घ्यावा. त्यात किडा राहिला तर पैसे वाचले नि कश्रूत गेले असे व्हायचे.

महिनाअखेरीस सूनबाईने वही पाहिली आणि स्वयंपाकघर माझ्याकडेच राहिले. आता तीच मला मागे टाकते.

पण ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले, ती पुढेच आहे. नातवाने प्रश्न विचारला त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा शूकमध्ये गेले. मी पाने निवडत होते आणि पलीकडच्या गाड्याखाली आणखी कोणीतरी वाकले होते. पाहते तो आमच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण. मोरोक्कोहून आलेली, आयुष्यभर कापडगिरणीत खपलेली, आता एकटी. तिच्या पिशवीत पाला नव्हता. नरम पडलेले टोमॅटो होते, एका बाजूने डागळलेली वांगी होती. मला पाहताच तिने तोंड फिरवले. मी वाकत होते ती सवयीने आणि ती वाकत होती गरजेने, हे मला तेव्हाच कळले.

रविवारी मी मोठ्या मनाने शाबाथचे उरलेले जेवण डब्यात भरून तिच्या दारी गेले. जिन्यात आणखी दोघी उभ्या होत्या. मी म्हटले, "घ्या, उरलंय. उगीच वाया जाईल." तिने डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मी कचऱ्याची पेटी नाही," असे म्हणून तिने दार लावले.

खरे सांगते, मला आधी राग आला. चांगुलपणाला किंमत नाही, असे घरी येऊन बडबडले. राग उतरल्यावर लाज वाटली. मी तिला अन्न दिले नव्हते, चारचौघांत तिची गरज दाखवून दिली होती.

तोरामध्ये सांगितले आहे की, शेताची कापणी करताना कडेचे पीक कापू नये आणि खाली पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावीत. हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यातली मेख मला आता कळली. शेतकऱ्याने धान्य उचलून गरिबाच्या हातावर ठेवायचे नाही, नुसते मागे सोडायचे. गरीब स्वतः येतो, स्वतःच्या हाताने वेचतो. रूथने बवाजाच्या शेतात असेच वेचले आणि तिची मान खाली गेली नाही.

तीन आठवड्यांनी मी बीटाच्या पानांची जुडी घेऊन तिच्याकडे गेले. या वेळी रिकाम्या जिन्यातून. "तुमच्याकडे या पाल्याचं काय करतात? मला एकच भाजी येते, घरचे कंटाळलेत." तिने क्षणभर पाहिले आणि मला आत घेतले. लसूण, जिरे नि लिंबू घालून तिने ती पाने अशी केली की मी बोटे चाटत राहिले. दुसऱ्या दिवशी मी मोडाची उसळ नेली. आपल्याकडे रिकामा डबा परत पाठवत नाहीत, तसे त्यांच्याकडेही नाही! तेव्हापासून तो डबा जिन्यात वर-खाली फिरतोच आहे.

या देशात 2003 साली स्थापन झालेली लेकेत इस्राएल नावाची संस्था शेतांतला उरलेला माल आणि सभागृहांतले उरलेले जेवण गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवते. 'लेकेत' म्हणजे कापणीत गळून पडलेली कणसे. नाव तोरामधलेच आहे. तिच्या अहवालांत इस्राएलमध्ये वर्षाला सुमारे 25 लाख टन अन्न वाया जाते असे म्हटले आहे. त्यात आपल्या लग्नांच्या हॉलमधली ताटेही आली, हे विसरू नये. आपल्या मलिद्याच्या ताटातले पोहे आणि फळे आपण प्रत्येकाच्या हातावर ठेवतो, कोणी श्रीमंत-गरीब पाहत नाही. तशीच पंगत संपल्यावर रिकामे डबे टेबलावर मांडून ठेवावेत आणि यजमानीणबाईने सर्वांत आधी स्वतःचा डबा भरावा, म्हणजे दुसऱ्या कोणाला भरताना संकोच वाटणार नाही. माझी एवढीच सूचना आहे.

आता नातवाकडे येते. ऑक्टोबर 2023 नंतर पश्चिम नेगेव्हच्या शेतांवर मजूर उरले नाहीत, तेव्हा देशभरातून लोक तोडणीला गेले. तोही मित्रांबरोबर टोमॅटो तोडायला गेला. संध्याकाळी मातीने माखून परतला आणि पिशवी ओट्यावर ओतली. वाकडेतिकडे, चिरलेले, जुळे टोमॅटो! "आजी, हे कुणी घेत नाही म्हणे, तिथेच पडून राहतात. मी विचारून आणले."

मी त्याचे सार केले. पहिला डबा भरला तेव्हा तो म्हणाला, "दे, मी नेतो खाली." मी वरून कठड्याशी कान देऊन उभी राहिले. दार उघडले आणि त्याचा आवाज आला, "आजीनं विचारलंय, आंबट जास्त झालंय का, जरा चाखून सांगाल?"

मी तर त्याला असे काही सांगितलेच नव्हते.

वर आल्यावर मी म्हटले, "काय रे, आपण गरीब आहोत का?" त्याला तो जुना प्रश्न आठवला असावा. हसून म्हणाला, "आजी, सार वाढ. भूक लागलीय."